‘हे त्यातलंच’ म्हणण्याआधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सेरेब्रल पाल्सी हे नाव आता आपल्या कानांना नवं राहिलेलं नाही. मराठीत त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. केंद्र सरकारच्या हिंदी कागदांवर ‘प्रमस्तिष्क घात’ असा जिभेची परीक्षा पाहणारा शब्द छापलेला असतो. आणि गावाकडे अजूनही ‘पोराच्या अंगावरून वारं गेलंय’ एवढ्यावर भागतं. नाव कोणतंही घ्या, असं मूल घरात आहे म्हटलं की येणारा-जाणारा पहिला प्रश्न एकच विचारतो : चालेल का हो?

प्रश्नात वावगं काही नाही. आई-बापही रात्री उशाला तोच प्रश्न घेऊन झोपतात. पण या एका प्रश्नापायी घराचं सगळं लक्ष मुलाच्या पायांवर खिळून राहतं. मालीश, व्यायाम, बूट, पट्टे, पुन्हा मालीश. आणि त्याच मुलाच्या डोळ्यांत, कानांत, पोटात, हाडांत आणि झोपेत काय चाललं आहे, ते विचारायचं राहून जातं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘हे त्यातलंच आहे.’ आज मला बोलायचं आहे ते या तीन शब्दांविषयी.

मी डॉक्टर नाही. मराठीत कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस आहे. पण माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सेरेब्रल पाल्सी घेऊन वाढतो आहे. सातव्या महिन्यात जन्मला, वजन दीड किलोही नव्हतं. आता चौदा वर्षांचा आहे. बहीण मिरजेत असते, भावजी तंबोरे आणि सतार बनवणाऱ्यांकडे काम करतात. या चौदा वर्षांत दवाखान्यांच्या बाकांवर बसून मी जे ऐकलं, विचारलं, मग घरी येऊन वाचलं, त्यातलं थोडं सांगतो.

आधी हे काय आहे ते थोडक्यात. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मल्यावर पहिल्या काही काळात वाढत्या मेंदूला इजा होते. कधी रक्तस्राव, कधी प्राणवायू कमी पडणं, कधी जंतुसंसर्ग, कधी मेंदूची घडणच वेगळी. ही इजा नंतर वाढत नाही, पसरत नाही, आणि हा आजार कुणाला लागतही नाही. पण इजा तिथेच थांबली तरी शरीर वाढतच असतं, म्हणून तिचे परिणाम वयाबरोबर बदलत जातात. आपल्या देशात १००० मुलांमागे २ ते ३ मुलांना हा त्रास असतो. शंभर-सव्वाशे घरांची वस्ती धरली तर कदाचित एकही नसेल, पण तालुका धरला तर कितीतरी.

विल्यम जॉन लिटल नावाच्या लंडनच्या शल्यविशारदाने १८६१ साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे या मुलांविषयी सविस्तर निबंध वाचला. पुढे बरीच वर्षं या आजाराला ‘लिटलचा आजार’ असंच म्हणत. लिटलचा स्वतःचा एक पाय लहानपणच्या दुखण्याने वाकडा झालेला होता, त्यामुळे त्याची नजर हातापायांवर असणं साहजिक होतं. पण स्वप्नांचा अर्थ लावणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला तो सिग्मंड फ्रॉइड, तो आधी मज्जातंतूंचा डॉक्टर होता. त्याने १८९७ साली लहान मुलांच्या या पक्षाघातावर मोठा ग्रंथ लिहिला. या मुलांना फिट्स येतात, दृष्टीचे दोष असतात, बुद्धीच्या अडचणी असतात, म्हणजे गोष्ट नुसत्या अडलेल्या बाळंतपणाची नसावी, मेंदूची घडण आधीच बिघडलेली असू शकेल, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळी त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. २००६ साली तज्ज्ञांनी सेरेब्रल पाल्सीची नवी व्याख्या लिहिली, ती २००७ साली छापली गेली. त्या व्याख्येत हालचालीच्या अडचणीबरोबर संवेदना, आकलन, संवाद, वागणूक, अपस्मार आणि हाडं-स्नायूंचे नंतर उद्भवणारे दोष हे सगळं स्पष्ट नोंदवलेलं आहे. मेंदू काही फक्त पाय हलवायला दिलेला नाही, एवढं साधं तत्त्व व्याख्येत यायला शंभरावर वर्षं लागली.

आता थोडे आकडे देतो. कंटाळू नका, फार नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून एक हिशेब मांडला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चारांपैकी तिघांना वेदना असतात. दोघांपैकी एकाला बौद्धिक अडचण असते. तिघांपैकी एकाचा खुबा जागेवरून सरकतो. चारांपैकी एकाला अपस्मार असतो, चारांपैकी एकाला बोलता येत नाही, चारांपैकी एकाला लघवीवर ताबा नसतो. पाचांपैकी एकाची झोप बिघडलेली असते. दहांपैकी एकाला दिसत नाही आणि पंचविसांपैकी एकाला ऐकू येत नाही. आणि चालता न येणारी? तिघांपैकी एक.

हे पुन्हा एकदा पाहा. न चालणाऱ्यांपेक्षा दुखणं सोसणारी मुलं दुपटीहून जास्त आहेत. आणि आपण विचारतो, चालेल का.

फिट्सपासून सुरुवात करतो, कारण त्यांची भीती सर्वांत मोठी आणि त्यांच्याविषयीचे गैरसमजही सर्वांत जुने. भाचा सहा-सात महिन्यांचा असताना सकाळी उठला की दचकायचा. दोन्ही हात एकदम पुढे, मान खाली, क्षणभर थांबायचा, की पुन्हा तसंच. दहा-पंधरा वेळा. आमच्या अम्मी म्हणायच्या, बघा, कसा सगळ्यांना सलाम करतोय. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोट दुखत असेल, ओव्याचा शेक द्या. कुणी दृष्ट काढली, कुणी दर्ग्यातून धागा आणला. जिथे दाखवलं त्या दवाखान्यात सांगण्यात आलं, कमी दिवसांचं बाळ आहे, दचकणारच, हे त्यातलंच.

ते त्यातलं नव्हतं. ती एका वेगळ्या, गंभीर अपस्माराची सुरुवात होती. गंमत अशी, म्हणजे गंमत नव्हे, पण शब्दांच्या माणसाला अशा ठिकाणीही शब्दच दिसतात, की वैद्यकाने या झटक्यांना पूर्वीच ‘सलाम’ हे नाव देऊन ठेवलेलं आहे. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४१ साली ‘लॅन्सेट’ला एक पत्र लिहिलं. रुग्ण त्याचाच लहानगा मुलगा होता. मूल वारंवार पुढे झुकतं, डोकं गुडघ्यांकडे जातं, कुणाला काही उपाय माहीत असेल तर कळवावा, असा त्या पत्राचा मतलब. त्याने ज्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला होता त्यांच्यापैकी एकाने या झटक्यांना ‘सलाम’ म्हटलं होतं. डॉक्टर बाप स्वतःच्या मुलासाठी नियतकालिकातून वाचकांना विचारतो आहे, ते पत्र मला आजही अस्वस्थ करतं. वेस्टला उपाय मिळाला नाही. आज यावर इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, आणि उपचार जितका लवकर तितकं पुढचं नुकसान कमी. बाळ झोपेतून उठताना असे ओळीने झटके देत असेल तर मोबाईलवर चित्रण करा आणि त्याच आठवड्यात मेंदूविकाराच्या किंवा बालरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे बहिणीच्या दिराने चित्रण केलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते अर्धा मिनिट पाहिलं आणि लगेच मेंदूचा आलेख काढायला पाठवलं.

मोठ्या मुलाला फीट आली तर काय करायचं, हेही सांगून टाकतो. कांदा फोडून हुंगवू नका, चप्पल तर नकोच. हातात किल्ल्या देऊन काही होत नाही. दातांत चमचा घालू नका, दात तुटतात आणि तुकडा घशात जातो. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करा आणि घड्याळाकडे पाहा. फीट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर दवाखाना गाठा. नाकात मारायचा औषधाचा फवारा मिळतो, तो घरी ठेवायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वर्षभर फीट आली नाही म्हणून गोळी सोडली आणि भर लग्नात मूल कोसळलं, अशी उदाहरणं दवाखान्यात बसलं की दर आठवड्याला ऐकायला मिळतात. प्रवास, लग्नकार्य, उपवास यांत डोस चुकतो. आमच्या भाच्याला मागच्या दोन-तीन रमजानपासून अब्बांसारखा रोजा धरायचा आहे. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, पण त्याला ती आमच्याकडून नको होती. शेवटी मशिदीतले मौलाना घरी आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी त्याला ते सांगितलं. आता तो वेळेवर गोळी घेतो आणि इफ्तारीला सगळ्यांआधी तोंड उघडून बसतो.

डोळ्यांचं थोडक्यात. या मुलांमध्ये तिरळेपणा पुष्कळ असतो आणि चश्म्याची गरजही पुष्कळांना असते. मूल चालत नाही, मग त्याला चश्मा कशाला, असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. चालत नाही म्हणूनच चश्मा हवा, बसल्या जागेवरून जग बघायचं आहे त्याला. दुसरा प्रकार जास्त फसवा. डोळा निरोगी असतो, पण डोळ्याने पाठवलेलं चित्र मेंदूला नीट वाचता येत नाही. असं मूल स्थिर वस्तूकडे बघत नाही, हलणारी वस्तू मात्र टिपतं. मान वळवून कडेने बघतं, गर्दीत गोंधळतं, एखादा झगझगीत रंग त्याला चटकन दिसतो. घरचे म्हणतात, मूल लक्षच देत नाही. अशा मुलापुढे एका वेळी एकच वस्तू, मोकळ्या रंगाच्या कापडावर ठेवली की तेच मूल लक्ष देऊ लागतं. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यायला हवा. त्या तपासणीची वेळ हुकली तर मग हळहळण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही.

कानांचंही तेच. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या बाळांच्या मेंदूतल्या ज्या भागांना इजा होते, त्यामुळे हातापायांच्या वेड्यावाकड्या, आपोआप होणाऱ्या हालचाली मागे राहतात आणि ऐकण्याची वाटही बिघडते. या मुलांचा कान साध्या चाचणीत उत्तीर्ण होतो, पण कानापासून मेंदूपर्यंतचा निरोप पोहोचत नाही. म्हणून त्यांच्यासाठी ‘बेरा’ ही चाचणी मागून घ्यावी. टाळी वाजवली की वळतो, यावर विसंबू नये.

आता जेवण. माझ्या मते सगळ्यांत जास्त बोलायला हवं ते यावर, आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते यावरच. ज्या स्नायूंनी पाय हलतात तसेच स्नायू घशातही असतात. चावणं, जिभेने घास मागे लोटणं, श्वासाची नळी झाकून अन्ननळी उघडणं, हा आपण दिवसातून शेकडो वेळा नकळत करतो तो खेळ या मुलांना जमत नाही. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे मुलाला मांडीवर आडवं घालायचं, नाक-तोंड धरून बोंडल्याने ओतायचं. धडधाकट बाळ त्यातून तरून जातं. या बाळाच्या मात्र दूध थेंबाथेंबाने छातीत उतरतं. मग वारंवार ताप, कफ, न्यूमोनिया, आणि निदान काय, तर ‘या मुलांची छाती नाजूकच असते’. नाजूक नसते, छातीत अन्न जात असतं. कधी ठसका लागतो, पण कित्येकदा तोही लागत नाही, कारण ठसका लागण्याची जाणीवच मंद असते. जेवल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता येतो का, हे पाहणं म्हणूनच महत्त्वाचं.

उपाय बरेचसे घरगुती आहेत, पण ते कुणी तरी दाखवावे लागतात. मूल सरळ बसलेलं, डोकं मागे पडू न देता हनुवटी किंचित खाली. चपटा छोटा चमचा. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ भात सोपा जातो. वरून तूप किंवा तेल, म्हणजे थोडक्या घासात ताकद जास्त मिळते. जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. बहिणीला हे सगळं एका तरुण वाचा-उपचारतज्ज्ञ मुलीने शिकवलं. तिने स्वतः आधी भाच्याबरोबर बसून त्याच चमच्याने पेज खाल्ली. त्याआधी एकेका जेवणाला दीड तास लागायचा आणि निम्मं अंगावर सांडायचं. वजन वर्षभर एका आकड्यावर अडलेलं होतं. ही मुलं बारीकच असतात, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. काही मुलांना एवढ्यानेही पुरत नाही, त्यांच्या पोटात कायमची नळी बसवतात. आई-बापांना तो पराभव वाटतो. पण मूल भुकेलं ठेवण्यापेक्षा नळी बरी, आणि नळी असतानाही चवीपुरतं तोंडाने देता येतं की नाही, ते डॉक्टरांना विचारता येतं.

लाळेचंही सांगतो. या मुलांना लाळ जास्त येत नाही, आपल्याइतकीच येते. आपण ती गिळतो, त्यांच्याकडून वेळच्या वेळी गिळली जात नाही. पोरांच्या गळ्यातला ओला रुमाल पाहून लोक तोंड फिरवतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

भावजींच्या कामाच्या ठिकाणी मी कधी कधी जाऊन बसतो. सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफांच्या बारीक तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, वरची तार छेडली की त्या आपोआप वाजतात. या मुलांची दुखणी तशीच एकमेकांना जोडलेली असतात. पाणी कमी प्यायलं जातं, हालचाल कमी, म्हणून बद्धकोष्ठ होतो. पोट घट्ट झालं की स्नायू आणखी आवळतात. आवळले की दुखतात, दुखलं की झोप मोडते. झोप मोडली की फीट येण्याची शक्यता वाढते. फीट वाढली म्हणून गोळी वाढवली जाते, मूल गुंगीत राहतं, आणखी कमी खातं-पितं. आपण धावतो फिटच्या डॉक्टरांकडे, आणि मूळ असतं चार दिवस न झालेल्या शौचात. जेवल्यावर छातीशी आंबट पाणी येऊन मूल पाठ कमानीसारखी ताणतं, तेही कित्येकदा फीट समजलं जातं. म्हणून एखादा त्रास अचानक वाढला तर पोट, दात, कान, खुबा, सगळं एकदा तपासून पाहावं लागतं. दात यासाठी म्हटलं, की फिटच्या एका जुन्या, स्वस्त आणि अजूनही वापरातल्या औषधाने हिरड्या सुजून दातांवर चढतात. दातदुखी बोलून दाखवता न येणारं मूल काय करेल? डोकं आपटेल. मग लोक म्हणणार, हट्टी आहे.

खुब्याचं प्रकरण आमच्या घरात घडलं. चालणाऱ्या मुलांचा खुबा बहुधा शाबूत राहतो. जे उभं राहू शकत नाहीत, त्यांच्या मांड्यांचे आवळलेले स्नायू हाडाचा गोळा वर्षानुवर्षं खोबणीतून थोडा थोडा बाहेर ओढत राहतात. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. लंगोट बदलताना एक मांडी पूर्वीसारखी उघडत नाही, एवढीच काय ती खूण. भाचा सात वर्षांचा असताना रात्री रडायला लागला. दोन ठिकाणी दाखवलं, नावं घेत नाही. दोन्हीकडे तेच शब्द मिळाले, हे त्यातलंच आहे, मालीश चालू ठेवा. मालीश करताना तो जास्त ओरडायचा. चार महिने हे चाललं. तिसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढला, तेव्हा डावा गोळा अर्ध्याहून अधिक बाहेर होता. मांडीचं हाड कापून, वळवून, पट्टी बसवून त्यांनी तो पुन्हा खोबणीत आणला. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर रात्रीचं रडणं थांबलं. तो शस्त्रक्रियेनेही चाललेला नाही, चालणारही नाही. पण तो रात्री झोपतो. बसतो तेव्हा सरळ बसतो, त्यामुळे जेवतोही बरा.

स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ साली एक व्यवस्था सुरू झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आणि दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी खुब्यांचा एक्स-रे काढायचा. तिथे खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण अगदी नगण्य झालं. यात कोणतं महागडं यंत्र नाही. साधा एक्स-रे, तो तालुक्याच्या गावी निघतो. फक्त कुणी तरी वेळेवर काढायला सांगायला हवा. कुणी सांगितलं नाही तर आपण मागावा. हाडांचंही विचारावं, कारण उभं न राहिल्याने, उन्हात कमी गेल्याने आणि फिटच्या काही औषधांमुळे ड जीवनसत्त्व कमी पडतं आणि कपडे घालतानाही हाड मोडू शकतं.

बुद्धीविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. नोवाकबाईंचा हिशेब पुन्हा आठवा, निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण नसते. आणि बोलता न येणं म्हणजे न कळणं नव्हे. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, ती त्यांच्या मुलीमुळे. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाली. तिच्या आत्मकथनाचं नाव ‘वन लिटल फिंगर’, ते २०११ साली आलं. त्या एका बोटाने तिने ते टंकलेखन करून लिहिलं आहे. आमचा भाचा एवढा पुढे नाही. त्याला अक्षरं ओळखता येतात, पाच-सात शब्द उच्चारता येतात. मला ‘म्मू’ म्हणतो, त्यात ‘मामू’ आला. त्याच्यापुढे एक पुठ्ठा असतो. त्यावर पाणी, भूक, दुखतंय, शौच, झोप, कंटाळा अशी चित्रं आहेत. ‘दुखतंय’च्या चित्राखाली माणसाची आकृती आहे, त्यावर तो नजरेने जागा दाखवतो. हा पुठ्ठा आधी असता तर ते चार महिने चार दिवसांत संपले असते. मी नवी कविता त्याला वाचून दाखवतो. आवडली नाही तर तो ‘कंटाळा’वर नजर ठेवतो. आजवरच्या समीक्षकांपेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटतो.

अशा घरांत एक धंदा शिरतो, त्याबद्दलही सावध करतो. मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल टोचून मूल चालेल, असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेरेब्रल पाल्सीवर असा उपचार संशोधनाबाहेर, पैसे घेऊन देणं मान्य नाही. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका कुटुंबाने त्यासाठी बायकोचे दागिने मोडले. त्याच मुलीचा चश्मा मात्र तीन वर्षं बदललेला नव्हता.

सरकारी दारं कोणती? २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, त्याच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, त्यात व्यायाम-उपचारही धरलेले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे. कागद जमवताना चपला झिजतात हे खरं. पण चश्म्याला, एक्स-रेला, बेराला पैसे नाहीत म्हणून थांबण्याआधी ही दारं वाजवून पाहा.

आणि आईची पाठ. माझी बहीण आता पस्तीस किलोंचं मूल दिवसातून वीस वेळा उचलते. तिच्या कमरेचा एक्स-रे कुणी काढायला सांगितला नव्हता. तो गेल्या वर्षी मी काढायला लावला. मणक्यांत झीज आहे. आता उचलण्याचं तंत्र भावजी आणि थोरला भाचा दोघंही शिकले आहेत, आणि पलंगाला लागून सरकवता येईल अशी लाकडी फळी सतारीच्याच कारागिराने घासून दिली आहे.

शेवटी बहिणीच्या वहीबद्दल सांगतो, कारण डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला. साधी शंभर पानी वही. रोजचं एक पान. फीट आली का, किती वाजता, किती मिनिटं. शौच झालं का. काय खाल्लं, किती वेळ लागला. रात्री किती वेळा उठला. नवीन गोळी कधी सुरू केली. काही शब्द उर्दूत, काही मराठीत, आकडे सगळे मराठीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन. मागच्या पानावर पुढच्या तपासण्या : डोळे, दात, ड जीवनसत्त्व, खुबा. यातल्या खुब्याच्या एक्स-रेची तारीख पुढच्या मंगळवारची आहे, आणि मिरजेची गाडी मी आजच धरणार आहे. खुदा हाफिज, नमस्कार.